अळंबीचं नाव सगळ्यात शेवटी

किनारी भागात उगवणाऱ्या जंगली अळंब्यांची नोंद कशी ठेवावी आणि नमुने कसे जपावेत, याविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. बऱ्याच पत्रांत एक फोटो आणि ‘ही कोणती?’ एवढंच होतं. त्यांना नाव कळवता आलं नाही. का, ते पहिल्याच उत्तरात आहे. ‘ही खाता येईल का?’ असंही काहींनी विचारलं आहे. फोटो पाहून या प्रश्नाचं उत्तर आम्ही देत नाही, आणि इतर कुणी दिलं तर ते मानू नये.

प्रश्न: दोन पावसाळ्यांत मोबाइलवर शंभरेक अळंब्यांचे फोटो जमले आहेत. फोटो स्पष्ट आहेत, तरी जाणकार म्हणतात, ‘यावरून सांगता येणार नाही.’ फोटोत नेमकं काय कमी पडतं?

बहुतेक फोटो उभ्यानं, वरून काढलेले असतात. त्यात दिसते फक्त टोपी, आणि अळंबीची सर्वांत कमी भरवशाची गोष्ट टोपीचा रंगच. तोच पावसानं धुपतो, उन्हानं उडतो आणि वयानुसार बदलतो. ओळख पटते ती टोपीच्या खाली आणि मातीच्या आत.

एका अळंबीचे किमान पाच फोटो हवेत. पहिला जागेचा, आजूबाजूची झाडं दिसतील असा. दुसरा जमिनीलगत मोबाइल टेकवून, बाजूनं. तिसरा खालून: कल्ले (टोपीखालच्या पातळ पात्या) आहेत, छिद्रं आहेत की काटे, आणि कल्ले देठाला चिकटतात, देठावर उतरतात की देठापासून सुटे राहतात, हे दिसलं पाहिजे. चौथा बुडासकट उकरून काढलेल्या अख्ख्या अळंबीचा. पाचवा उभा काप देऊन, आतल्या गराचा. शेजारी कोवळी आणि जून अशा दोन्ही असतील तर त्या एकाच चौकटीत ठेवा.

चौथा फोटो सगळ्यात जास्त राहून जातो. देठ चाकूनं जमिनीलगत कापला की बुडाची पिशवी मातीतच राहते. ॲमानिटा वंशातल्या अनेक जाती, त्यात जगातल्या सर्वांत घातक अळंब्याही आल्या, याच पिशवीवरून पहिल्यांदा ओळखू येतात. म्हणून कापू नका. बोटभर अंतरावरून चाकू किंवा छोटी खुरपी तिरकी घालून मातीसकट उचला.

मोजमापासाठी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवा. नाणं ठेवू नका, दुसऱ्या देशातल्या तज्ज्ञाला त्याचा आकार माहीत नसतो. कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा असू द्या. दाट पानांखालचा उजेड हिरवट असतो आणि मोबाइल तो आपल्या मनानं दुरुस्त करायला जातो. कागद असला की रंगाचा अंदाज नंतर घेता येतो. किनाऱ्यावर आणखी एक अडचण म्हणजे लेन्सवर बसणारा खारट थर. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण फोटोवर धुकं आल्यासारखं वाटतं. थर आधी ओल्या आणि मग कोरड्या मऊ कापडानं पुसा. वातानुकूलित गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढू नका; लेन्सवर वाफ धरते, ती जायला दहा मिनिटं द्या.

गराचा रंग बदलत असेल तर वेळ लिहा. काही बोलीटस (टोपीखाली कल्ल्यांऐवजी छिद्रं असलेल्या अळंब्या) कापल्याबरोबर काही सेकंदांत निळ्या पडतात. ॲगॅरिकस झँथोडर्मसचं बूड कापलं की झळझळीत पिवळं होतं आणि काही वेळानं तो पिवळेपणा उतरतो. अर्ध्या तासानं काढलेल्या फोटोत ही खूण सापडायची नाही. कापल्याक्षणी एक आणि नंतर पहिल्या, पाचव्या, पंधराव्या मिनिटाला एकेक फोटो पुरे.

प्रश्न: नोंदी संकलित करणाऱ्यांनी माझ्या तीन नोंदी ‘ठिकाण समुद्रात येतं’ म्हणून परत पाठवल्या. मी तर किनाऱ्यापासून चांगली आत, झाडीत होते!

किनाऱ्यावरच्या नोंदींचं हे एक बरं असतं: चूक लगेच पाण्यात पडते आणि दिसते. भूप्रदेशाच्या मध्यभागी हीच चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या वहीत अंश-मिनिटं आहेत आणि तक्त्यात दशांश. २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५, कारण ६० मिनिटांचा एक अंश. तुम्ही ते २०.३० असं उतरवलं आहे. फरक ०.२ अंशाचा. अक्षांशात असा फरक पडला तर ठिकाण सुमारे २२ किलोमीटर सरकतं. रेखांशात विषुववृत्तावर तितकंच आणि ध्रुवांकडे जावं तसं कमी. किनारा समोर असताना एवढं सरकणं पुरतं. परत आलेल्या नोंदींत दुसरं कारण असतं अक्षांश-रेखांशाची अदलाबदल, आणि तिसरं म्हणजे दक्षिण किंवा पश्चिम गोलार्धात उणे चिन्ह विसरणं.

मोबाइलला ‘डब्ल्यूजीएस ८४’ या संदर्भप्रणालीत दशांश अंश दाखवायला सांगा आणि तेच लिहा. पाच दशांश स्थळं पुरतात. पाचवं स्थळ म्हणजे जेमतेम एक मीटर. त्यापुढचे आकडे उतरवून अचूकता वाढत नाही, कारण उघड्यावरही मोबाइलची चूक पाचेक मीटरची असते आणि दाट झाडीत ती वीसच्या वरही जाऊ शकते. म्हणून जागेबरोबर चुकीचं वर्तुळही, म्हणजे जागा किती मीटरनं चुकली असू शकते तेही लिहा: ‘± १५ मीटर’. खिशातून काढल्या काढल्या मोबाइल बऱ्याचदा आधीची जागाच दाखवतो. अर्धा मिनिट थांबा, वर्तुळ आकसू द्या.

आणि शब्दांतही लिहा: ‘पायवाटेच्या फाट्यापासून उत्तरेला साठ पावलं, वाळूच्या टेकडीच्या जमिनीकडच्या उतारावर’. आकडा चुकला तर हे वाक्य नोंद वाचवतं. खारफुटीत किंवा भरतीला बुडणाऱ्या बेटावर काम करत असाल तर ‘ठिकाण मुद्दाम तपासलं आहे’ असा शेरा आधीच टाका.

एक चेतावणी. निरोप पाठवण्याच्या ॲपमधून फोटो पाठवला की त्यातली जागा आणि तारीख बहुधा पुसली जाते; स्क्रीनशॉटमध्ये ती नसतेच. मूळ फाइल जपा.

प्रश्न: किनाऱ्याच्या नोंदीत जंगलातल्या नोंदीपेक्षा वेगळं काय लिहावं? ‘समुद्रकिनारा’ एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. समुद्राकडून आत चालत गेलात तर शंभर-दोनशे मीटरांत चार-पाच वेगळे अधिवास लागतात: भरतीची रेषा, सरकत्या वाळूची पहिली टेकडी, गवतानं बांधलेली मागची टेकडी, दोन टेकड्यांमधला ओलसर खोलगट भाग, मग झुडपं आणि झाडं. प्रत्येकाची अळंबी वेगळी. म्हणून भरतीच्या रेषेपासूनचं अंतर पावलांनी का होईना मोजून लिहा, आणि टेकडीच्या कुठल्या अंगाला सापडली तेही.

वाळूचा प्रकार लिहा. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू चुनखडीयुक्त असते, गारगोटीची नसते, आणि बऱ्याच जातींना हा फरक कळतो. चिमूटभर वाळूवर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसली तर चुना आहे. वहीत ‘फेस आला’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहिलं तरी चालेल.

वाळूतल्या अळंबीचं दिसतं त्याहून जास्त अंग वाळूत असतं. समशीतोष्ण किनाऱ्यांवर मॅरम गवताच्या आसपास सॅथिरेला ॲमोफिला उगवते. तिची टोपी लहान, देठाचा मोठा भाग गाडलेला आणि बूड गाडल्या गेलेल्या गवताच्या अवशेषांशी जोडलेलं. पेझिझा ॲमोफिला ही पेल्याच्या आकाराची बुरशी आधी वाळूच्या आतच वाढते आणि वर आल्यावर कड फाटून चांदणीसारखी उघडते. उपटली तर हातात अर्धीच येते. बोटांनी कडेकडेची वाळू दूर करत हातभर उकरण्याची तयारी ठेवा आणि बुडाला काय चिकटलं आहे ते पाहा: मूळ, गवताची काडी, गाडलेलं लाकूड की नुसती वाळू. ते तोडू नका, नमुन्याबरोबर येऊ द्या. वाळू धुऊन काढू नका. पाण्यानं टोपीवरचे कण, तंतू निघून जातात आणि नमुना सडतो. मऊ कुंचल्यानं झटका. तरी काही कण राहणारच. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी करताना कल्ल्याच्या आतल्या भागातला तुकडा घ्या, नाहीतर एक रेतीचा कण वरची पातळ काच फोडतो आणि लेन्सलाही ओरखडा पाडू शकतो.

वाहून आलेल्या ओंडक्यावरची नोंद वेगळ्या शेऱ्यानं करा. ते झाड इथलं नसेल. बुरशीही लाकडाबरोबर कुठून तरी आली असेल. ‘वाहून आलेलं लाकूड, भरतीच्या रेषेवर, शिंपले चिकटलेले’ असं लिहिलं की पुढच्या माणसाला विचार करता येतो. खारफुटीचं लाकूड भिंगाशिवाय पाहू नका. हॅलोसिफिना व्हिलोसा ही छत्रीवाल्या अळंब्यांच्याच गोतातली बुरशी मिलिमीटरभरही नसते, पांढुरक्या ठिपक्यासारखी दिसते. समुद्रात भिजलेल्या लाकडावरची निया व्हिब्रिसा म्हणजे काही मिलिमीटरची गोळी. तिच्या बीजाणूंना पाण्यात तरंगायला मदत करणारी धाग्यासारखी उपांगं असतात. अशा वेळी दहापट भिंग गळ्यात असलंच पाहिजे.

झाडांचं म्हणाल तर जवळचं एकच झाड लिहून थांबू नका. मुळांशी सहजीवन असलेल्या बुरशीचं कवकजाल, म्हणजे तिच्या धाग्यांचं जाळं, दूरवर पसरतं. दहा मीटरच्या आतली सगळी झाडं लिहा, ओळखत नसाल तर पान आणि सालीचा फोटो ठेवा. वाळूतून वर आलेला पिसोलिथस (अशीच मुळांशी सहजीवन असलेली बुरशी) पाहिलात आणि आसपास पाईन किंवा निलगिरी आहे की नाही हे लिहिलं नाहीत, तर अर्धी माहिती तिथेच सोडून आलात. शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी झाला, हेही एका शब्दात टाका.

प्रश्न: नमुना उपटून नेला तर पुढच्या वर्षी तिथे अळंबी येणारच नाही, असं म्हणतात. खरं का?

अळंबी हे फळ आहे; बुरशीचं खरं शरीर मातीत किंवा लाकडात असतं. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ ते २००३ या काळात याच प्रश्नावर जंगलात प्रयोग झाला. उपटल्यानं किंवा कापल्यानं पुढच्या वर्षांचं पीक घटलं नाही. घटलं ते पायांनी जमीन तुडवल्यानं. वाळूच्या टेकड्यांवर हे आणखी जपायला हवं, कारण गवताची मुळं उघडी पडली की टेकडीच सरकते. गटानं गेलात तर एकानं पुढे जाऊन नमुना काढावा, बाकीच्यांनी वाटेवर थांबावं. दोन-तीन फळं पुरतात; एकच असेल तर फोटो आणि नोंद घेऊन ती तिथेच ठेवली तरी नोंद वैध असते, फक्त पुढे तपासायला हाती काही राहत नाही. संरक्षित क्षेत्रात नमुना काढण्याआधी लेखी परवानगी घ्या. परवानगीचा क्रमांक नसलेला नमुना संग्रहालयं घेत नाहीत.

प्रश्न: बीजाणूंचा छाप दोनदा घ्यायचा प्रयत्न केला. एकदा काहीच उमटलं नाही, दुसऱ्यांदा सकाळी कागदावर काळपट पाणी होतं.

छाप म्हणजे टोपीतून खाली पडलेल्या बीजाणूंचा थर. रीत थोडक्यात अशी. देठ कल्ल्यांच्या पातळीला कापा, टोपी कल्ले खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर हलवू नका. चार तासांतही छाप दिसू लागतो. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद वापरतात, कारण पांढऱ्यावर पांढरा छाप दिसत नाही. आमचा कौल ॲल्युमिनियमच्या फॉइलला. तिच्यावर फिका-गडद दोन्ही दिसतो, ओल धरत नाही, आणि ब्लेडनं बीजाणू खरवडून काचपट्टीवर घेता येतात. शेवटी तीच घडी घालून नमुन्याच्या पाकिटात ठेवायची.

काहीच उमटलं नाही याचा अर्थ टोपी फार कोवळी होती (कल्ल्यांवरचा पडदा अजून फाटलेला नव्हता), फार जुनी होती, वाळली होती किंवा फ्रिजमध्ये होती. सुकायला लागलेल्या टोपीवर वरून पाण्याचा एक थेंब टाकला तर बरेचदा काम होतं. पावसानं भिजलेली टोपी उलट आधी अर्धा तास टिपकागदावर ठेवा. वाटी घालायला विसरलात आणि पंखा चालू असेल तर बीजाणू पडतात, पण उडून जातात.

काळपट पाणी दोन कारणांनी होतं. आत अळ्या असतील तर त्या रात्रभरात टोपीचा लगदा करतात. किंवा ती शाईची अळंबी असेल, कोप्रिनस किंवा तिच्या नात्यातली; तिचे कल्ले स्वतःच विरघळून काळे होतात. तिचा छाप दोन-तीन तासांतच उचला.

दोन अपवाद. पेल्याच्या आकाराच्या बुरश्या बीजाणू खाली सोडत नाहीत, वर उडवतात. त्यांच्यावर काही मिलिमीटर अंतर सोडून काचपट्टी आडवी ठेवायची. आणि फुग्यासारख्या अळंब्यांचा छाप होत नाही, पिकल्यावर आतली पूडच घ्यायची.

छापाचा रंग दिवसाच्या उजेडात, ताजा असताना लिहा, आणि पातळ थरावरून नव्हे. पातळ थरात तपकिरीही फिका वाटतो.

प्रश्न: आमच्याकडे हवा इतकी दमट की उन्हात वाळवलेल्या अळंब्यांना दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. वाळवायचं कसं?

उन्हाचा नाद सोडा. पावसाळी किनाऱ्यावर हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत नमुना वाळतो तेवढाच पुन्हा ओल धरतो, आणि मधल्या काळात अळ्या आपलं काम करत राहतात.

फळं-भाज्या सुकवण्याचं पंख्याचं यंत्र सर्वांत उत्तम. तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअस ठेवा. ३० च्या खाली नमुना वाळण्याऐवजी सडतो. ६० च्या वर तो शिजतो: बाहेरची साल कडक होते, आत ओल अडकते, आणि डीएनएही खराब होतो. पातळ, नाजूक जाती सहा-आठ तासांत होतात. मांसल बोलीटसचे पाच ते दहा मिलिमीटर जाडीचे उभे काप करा. त्यांना पूर्ण दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. एक काप टोपी-देठ-बूड अशी सलग बाजू दाखवणारा ठेवाच. प्रत्येक जाळीवर एकच नमुना, आणि त्याची चिठ्ठी त्याच्याच शेजारी.

झालं कधी म्हणायचं? वाकवल्यावर काडीसारखा कट्कन मोडला तर. लवला तर नाही. छोटा वजनकाटा असेल तर तासाच्या अंतरानं दोनदा वजन करा. आकडा तोच आला की पुरे.

खरी गंमत पुढे आहे. यंत्रातून काढून ट्रे टेबलावर ठेवला, चहा घेऊन आलात, की नमुना पुन्हा मऊ. दमट हवेत अर्धा तासही पुरतो. म्हणून पिशव्या आधीच उघडून तयार ठेवा, आणि नमुना कोमट असतानाच ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत बंद करा.

यंत्र नसेल तर लहान नमुन्यांसाठी थेट सिलिका जेल चालतं, पण प्रमाण सांभाळा. अळंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं. १० ग्रॅमच्या अळंबीतून ९ ग्रॅम पाणी ओढून घ्यायचं तर निदान १०० ग्रॅम कोरडं जेल लागतं. लोक चिमूटभर टाकतात आणि जेलला नावं ठेवतात. नारिंगी जेल ओल धरल्यावर गडद हिरवं होतं; ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा वापरता येतं. निळं जेल टाळा, त्यातलं कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला वाईट.

पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून वाळवण्याची जुगाडं सर्रास होतात. एलईडी दिव्याला पुरेशी ऊब नसते. तारेचा जुना बल्ब तापतो, पण रात्री लक्ष न ठेवता तो खोक्यात सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

प्रश्न: वाळवलेल्या नमुन्यांत भुंगे झाले. कापूर, डांबरगोळ्या ठेवल्या तरी!

डांबरगोळीनं भुंगा पळत असेल, आत घातलेली अंडी मरत नाहीत. नमुना हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या खाली सात दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. थंड नमुन्यावर दमट हवा लागली की दव धरतं आणि वाळवण्याची सगळी मेहनत वाया जाते. हे चक्र नवीन नमुना संग्रहात येताना एकदा आणि नंतर दर वर्षी एकदा. शीतकपाटात खाण्याचे पदार्थ असतील तर नमुने वेगळ्या, झाकणबंद, ठळक चिठ्ठीच्या डब्यात.

प्रश्न: चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं? आणि नमुना आणताना पिशवी कोणती?

पिशवी कागदी. प्लॅस्टिकमध्ये अळंबीला घाम फुटतो आणि दोन तासांत लगदा होतो. लहान नमुन्यांना खणांचा डबा, नाजूक असतील तर बटर पेपरचा शंकू, दोन्ही टोकं पिळून.

जंगलातली चिठ्ठी म्हणजे फक्त एक क्रमांक: तुमची आद्याक्षरं, वर्ष, अनुक्रम. तो क्रमांक फोटोत, वहीत, छापावर, वाळवणाच्या जाळीवर आणि पाकिटावर एकच राहिला पाहिजे. चुका होतात त्या इथे: वाळवताना दोन ट्रे एकावर एक ठेवले, वाऱ्यानं चिठ्ठी उडाली, आणि कुणाची कुठली हे कळेना. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई ओलीनं पसरते, काळानं उडते.

पाकिटावरच्या कायमच्या चिठ्ठीत संग्राहक आणि त्याचा क्रमांक, तारीख, जागा, अक्षांश-रेखांश आणि चुकीचं वर्तुळ, अधिवास, आधार (वाळू, लाकूड, शेण, जिवंत झाड), आणि ताज्या अळंबीचं वर्णन. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावरून संग्रहालयांत आजही डोकेफोड चालते. वर्णन ताजं असतानाच लिहायचं, कारण वाळल्यावर रंग, वास, चिकटपणा यातलं काही उरत नाही. लंडनच्या क्यू उद्यानातल्या बुरशीसंग्रहात साडेबारा लाखांवर नमुने आहेत. त्यातला जुना नमुना काढणाऱ्याच्या हाती तपकिरी, सुकलेला तुकडा येतो. तो बोलतो तो चिठ्ठीतून.

वासाची एक युक्ती: नमुना लहान बंद डबीत दहा मिनिटं ठेवा, मग उघडून लगेच हुंगा. ‘चांगला’ किंवा ‘उग्र’ लिहू नका. ओल्या पिठासारखा, मुळ्यासारखा, कच्च्या बटाट्यासारखा, बडीशेपेसारखा, मासळीसारखा असं लिहा. शेजारच्या माणसाला तुमचं मत न सांगता हुंगायला द्या आणि दोन्ही मतं लिहा. चव घेऊ नका. नोंदीसाठी तिची गरज नाही.

प्रश्न: ॲपनं नाव सुचवलं आहे. तेच लिहू का?

सुचवलेलं म्हणून लिहा, ठरलेलं म्हणून नाही. ॲप फोटोतला आकार जुळवतं. बीजाणूंचा रंग त्याला दिसत नाही. उदाहरण घ्या क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्सचं. उष्ण प्रदेशात गवतावर सर्रास उगवणारी ही मोठी, खवल्यांची, विषारी अळंबी. कोवळी असताना कल्ले पांढरे, आणि वरून ती मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा या खाण्याच्या अळंबीसारखी दिसते. छाप घ्या: पहिलीचा हिरवट येतो, दुसरीचा पांढरा. दोघींना वेगळं करायला रात्रभर फॉइलवर ठेवलेली एक टोपी पुरते.

खात्री कुठपर्यंत आहे ते नावातच दाखवता येतं. वंश नक्की, जात माहीत नाही: नुसतं वंशाचं नाव आणि ‘एसपी.’. बहुधा ही जात, पण पडताळायची आहे: मध्ये ‘सीएफ.’. या जातीच्या जवळची पण वेगळी वाटते: ‘ॲफ.’. यात कमीपणा नाही. ‘ॲमानिटा एसपी.’ अशी नीट वर्णनाची नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी उपयोगी.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ‘रिसर्च ग्रेड’ मिळाला म्हणजे तज्ज्ञानं पाहिलं असं नव्हे. नोंदीला तारीख, जागा, फोटो असला आणि मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जण जातीवर एकमत झाले की तो शिक्का बसतो. दोघंही पुरतात, आणि दोघांनी तेच ॲपचं सुचवणं मान्य केलेलं असू शकतं. योग्य परवान्याच्या अशा नोंदी पुढे जीबीआयएफ या जागतिक संचयात जातात, तिथून संशोधनात. म्हणून खात्री नसताना ‘हो’ दाबू नका.

नाव बदललं तर जुनी चिठ्ठी खोडू नका. नवी चिठ्ठी जोडा: नवं नाव, कुणी ठरवलं, कधी. सध्याचं मान्य नाव इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या बुरशीनावांच्या ऑनलाइन सूचींवर पाहता येतं.

प्रश्न: डीएनए तपासणीसाठी वेगळं काही ठेवावं लागतं का?

नीट वाळवलेला नमुना बहुतेकदा पुरतो. तरी ताजेपणीच तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, टोपी फोडून आतल्या भागातला, स्वच्छ चिमट्यानं काढून सिलिका जेलमध्ये ठेवलात तर उत्तम. बाहेरच्या सालीवर दुसऱ्या बुरश्यांचे बीजाणू असतात. मग निकाल भलत्याचाच येतो. चिमटा प्रत्येक नमुन्यागणिक अल्कोहोलनं पुसा. बुरशी ओळखण्यासाठी डीएनएमधला आयटीएस हा पट्टा २०१२ मध्ये अधिकृत बारकोड म्हणून सुचवला गेला. पण तो सगळ्या जाती वेगळ्या करू शकत नाही, आणि जुळवायला आधी नीट ओळखलेल्या नमुन्याचा क्रम लागतो.

प्रश्न: विषारी अळंबीला हात लावला तर विष चढतं का? मुलं बरोबर असतात.

नाही. विष पोटात गेलं तरच. तरी हात धुवा आणि नमुन्याच्या पिशव्या खाऊच्या पिशवीत ठेवू नका. कुणी चुकून खाल्ली असेल तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका: ॲमाटॉक्सिनच्या (घातक ॲमानिटांमधल्या विषाच्या) विषबाधेत पहिले सहा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही, आणि शिजवल्यानं ते विष जात नाही. थेट दवाखान्यात जा आणि उरलेला तुकडा, सोलणं, अगदी कचऱ्यातलंही, कागदात गुंडाळून बरोबर न्या.

प्रश्न: एकाच ओंडक्यावर दर आठवड्याला तीच बुरशी दिसते. एक नोंद की अनेक?

प्रत्येक तारखेची वेगळी नोंद, पण ‘तोच ओंडका’ असा शेरा आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक जोडून. फळांची संख्या लिहा, ‘भरपूर’ नको. वर्तुळात उगवलेल्या वीस छत्र्या म्हणजे वीस जीव नसून बहुधा एकच कवकजाल असतं. ‘२० फळं, ३ मीटर व्यासाचं वर्तुळ’ एवढं लिहा, अर्थ वाचणारा लावेल. गेलात आणि काही दिसलं नाही, तर तेही तारीख, वेळ आणि चाललेल्या वाटेसकट लिहा.

प्रश्न: जुन्या वहीत बऱ्याच नोंदी आहेत, पण तारीख नाही किंवा जागा अंदाजे आहे. टाकून द्यायच्या?

टाकू नका. जागा गावापुरती आठवत असेल तर मध्यबिंदू द्या आणि वर्तुळ मोठं ठेवा, पाच किलोमीटरचं का होईना. तक्त्यात काहीतरी भरलंच पाहिजे म्हणून १ जानेवारी टाकू नका. पावसाळ्यातली अळंबी कोरड्या हिवाळ्यात उगवल्याची नोंद त्यातून तयार होते. ‘१५ जून ते ३१ जुलैच्या दरम्यान’ असं लिहिता येतं. वर्षच आठवत असेल तर वर्ष लिहा, महिन्याचा रकाना कोरा राहू द्या.